अंगणातलं टर्फ बदलण्याआधी त्याखालची काळी माती पाहा

घरासमोरच्या मोकळ्या जागेत कृत्रिम गवत, म्हणजे टर्फ, अंथरण्याची पद्धत आता शहरांतल्या नव्या वसाहतींत चांगलीच रुळली आहे. मुलांना खेळायला जागा होते, ईदला पाहुण्यांना बसवता येतं आणि रोज पाणी घालायची कटकट नसते. पण परभणी, नांदेड, सोलापूर, अकोला अशा काळ्या मातीच्या भागात एक-दोन पावसाळ्यांनंतर हेच टर्फ कुठे फुगतं, कुठे खचतं. सांधे उघडतात, पाणी साचतं, वास येतो. घरातली वयस्कर माणसं उचललेल्या कडेला अडखळून पडू शकतात.

अशा वेळी टर्फ खराब निघालं असं समजून लोक नवं आणतात. ते त्याच जमिनीवर अंथरलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होतं. कारण बिघाड बहुतेक वेळा गवतात नसतो, जमिनीत असतो.

काळी माती असं का करते?

बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी खनिजं असतात. पावसाळ्यात ती फुगून वर येते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. टर्फखालचा ओलावाही सगळीकडे सारखा नसतो. कडा लवकर वाळतात, मधला भाग ओला राहतो. जवळ मोठं झाड असेल तर मुळं पाणी ओढून घेतात आणि तेवढाच भाग खचतो. शिवाय ओल्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे टर्फला कितीही भोकं असली तरी पाणी खाली अडकून राहतं.

आधी तपासणी करा

टर्फवर दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने पाहा. मग एक कोपरा उचलून खालचा थर तपासा.

• एखादाच सांधा उघडला असेल किंवा एक-दोन ठिकाणी खळगा असेल, तर दुरुस्ती पुरेशी आहे.
• हाताने चोळल्यावर गवताचे तंतू तुटत असतील किंवा मागचा थर भुगा होत असेल, तर टर्फचं आयुष्य संपलं. पाया ठीक असेल तर फक्त टर्फ बदला.
• सगळीकडे लाटा आल्या असतील, मुरूम-खडीत चिखल मिसळला असेल किंवा टर्फ थेट मातीवरच अंथरलं असेल, तर पायाच नव्याने करावा लागेल. तंतू चांगले असतील तर जुनं टर्फ गुंडाळून ठेवा, तेच पुन्हा वापरता येतं.

छोटी दुरुस्ती

खळग्यासाठी जवळच्या कडेने टर्फ उलटा, ३-४ इंच मऊ माती काढा आणि तिथे मुरूम भरा. मुरूम थोडा ओला करून दोन-दोन इंचांच्या थरांत धुम्मसने ठोका. सांधा जोडताना दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ हव्यात, तंतूंची दिशा एकच हवी. खाली सांध्याची पट्टी आणि टर्फचा गोंद लावून एक दिवस वजन ठेवा. वर पसरायची वाळू धुतलेली घ्या. मातकट वाळूने भोकं बुजतात.

पाया नव्याने करताना

सुमारे ८ इंच काळी माती काढा. खड्ड्याच्या तळालाच घरापासून दूर जाणारा उतार द्या, दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर. हे विसरलं तर तो खड्डा हौद होतो, कारण मुरूम-खडीतून उतरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं. उताराच्या शेवटी चर खणून भोकांचा पाइप टाका आणि त्याला बाहेर वाट द्या. तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, म्हणजे माती वरच्या थरात मिसळणार नाही. त्यावर ६ इंच मुरूम, थराथराने दाबून, आणि वर २ इंच बारीक खडी. मुरूम न फुगणारा हवा. मातीच जास्त असलेला मुरूम परत पाठवा.

हिशोब सोपा आहे. २० बाय १० फुटांच्या अंगणात ६ इंचांचा थर म्हणजे १०० घनफूट, बरोबर १ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा. ठेकेदाराकडून खोदाई, मुरूम, खडी, टर्फ आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. “पाया धरून सगळं” असा एकच आकडा दिला, तर पाया किती इंचांचा ते कळत नाही आणि काटकसर नेमकी तिथेच होते.

काम कधी करायचं?

मे महिन्यात माती पूर्ण आक्रसलेली असते. तेव्हा सपाट केलेली जागा ऑगस्टमध्ये वर उचलते. भर पावसात दाबाई नीट होत नाही. पाऊस संपून माती मध्यम ओली असते तो काळ, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर, सगळ्यात बरा.

एवढं सांभाळा

बकरी ईदसाठी आणलेला बकरा टर्फवर बांधू नका. मूत्र खाली मुरून वास राहतो आणि जनावर प्लास्टिकचे तंतू चघळतं. कुर्बानीची जागाही वेगळी, धुता येईल अशी ठेवा. उन्हाळ्यात दुपारी टर्फ फार तापतं, मुलांना अनवाणी सोडू नका. काढलेलं जुनं टर्फ जाळू नका, त्याचा धूर घातक असतो. साचलेलं पाणी लगेच काढा, तिथे डासांची पैदास होते.

आणि पायाचा खर्च परवडत नसेल, तर टर्फचा हट्ट सोडलेला बरा. हरळी काळ्या मातीत चांगली वाढते आणि जमीन हलली तरी तिच्यासोबत हलते.