पिशवी काढली, हाडांचं काय?

गाळप हंगाम सुरू झाला की अकलूजच्या शिवारात मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि अरुंद फळीवरून तोल सांभाळत ट्रॉलीत चढते. या प्रत्येक चढणीत मोळीचा भार मानेपासून कमरेपर्यंत एकेका मणक्यावर येतो.

हे मणकेच ठिसूळ झाले तर? ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हटलं की वाकलेली आजी डोळ्यांपुढे येते. पण हा आजार फक्त म्हातारपणीच येतो असं नाही. हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं बांधतात. खाणं बांधण्यापेक्षा वाढलं की आतली जाळी विरळ होते. कांडीकिडीनं पोखरलेला ऊस वरून धड दिसतो, तसंच हे. दुखत काहीच नाही. मग एक दिवस साधं ठेचकाळण्याचं निमित्त होतं आणि मनगट किंवा खुबा मोडतो. मणका तर पडल्याशिवायही पुढच्या बाजूनं दबतो, उंची कमी होते, पाठीला पोक येतं. ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडतात, तो आजार वेगळा. तिथं हाडात खनिज भरत नाही. इथं मुळात हाडच कमी होतं.

हाड खाणाऱ्या पेशींना लगाम घालतं बीजांडकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पाळी थांबली की तो लगाम सुटतो आणि पुढची पाच-सात वर्षं हाडांची झीज वेगानं होते. भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. मग जिची गर्भाशयाची पिशवी तिशीतच काढली, तिचं काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. राज्य सरकारनं नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. त्यामागचं एक कारण म्हणजे पाळीत खाडा पडला की उचलीतून (आगाऊ घेतलेल्या मजुरीतून) पैसे कापले जातात, आणि हंगामात दवाखान्याला सवड नसते. या शस्त्रक्रियांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. हाडांविषयी मात्र फारसं कुणी बोललं नाही, याची मला खंत वाटते.

पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम घटतं. ते ठेवले असले तरी काही जणींमध्ये नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकतात. हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते. निरोगी तरुण हाडांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून कमी घनता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली. लवकर पाळी गेलेल्या बाईला नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकांचे उपचार देता येतात. ते कुणाला चालतील, हे डॉक्टर तपासून ठरवतात. त्यासाठी आधी एक गोष्ट कळायला हवी : बीजांडकोश काढले की ठेवले? अनेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून तो कागद मागून घ्यावा आणि तोडीला निघताना सोबत ठेवावा.