आपोआप फिरणारा झाडू : घ्यावा की नाही?

घर आपोआप झाडणारे यंत्र आता भोकरदनलाही घरपोच मागवता येते. अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने 'रूम्बा' २००२ साली बाजारात आणला. पुढे इतरही कंपन्या उतरल्या. हे यंत्र बॅटरीवर चालते. खालच्या बाजूचे सेन्सर पायरी ओळखून त्याला मागे फिरवतात. काळ्या फरशीला मात्र ते कधीकधी खड्डा समजतात. उंच उंबरा त्याला ओलांडता येत नाही. घरीच शिलाईकाम करणाऱ्या कारागीर बांधवांनी विशेष लक्ष द्यावे : दोऱ्याचे तुकडे आणि सतरंजीचे गोंडे ब्रशला गुंडाळतात. ते आधी उचलावेत. आमचा सल्ला एवढाच, की ब्रश, फिल्टर व बॅटरी नंतर कोठे मिळेल हे विचारूनच पैसे मोजावेत. नाहीतर यंत्र कोपऱ्यात आणि केरसुणी पुन्हा हातात!