संगीताच्या अभ्यासकाची गाठ आणि झाडावरचे शिकारी

सह्याद्रीतल्या सुळक्यांवर जाणाऱ्यांना प्रुसिक नव्याने सांगायला नको. मुख्य दोरावर बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे घालायचे. भार आला की गाठ दोराला घट्ट धरते, भार निघाला की मुठीत धरून वरखाली सरकवता येते. तरुणपणी एका शिबिरात ही गाठ शिकलो आणि तेव्हापासून ती कोण कुठे वापरतं याचा माग काढत आलो. गुहांमध्ये उतरणारे भेटले, उंच झाडांच्या फांद्या छाटणारे भेटले, बचावपथकं भेटली. धनुष्यबाण घेऊन झाडावर बसणारे अमेरिकन शिकारी मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते. मिशिगनमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आठ मिलिमीटरच्या दोरावर प्रुसिकसाठी किती जाडीची दोरी घेऊ?" तिथून मी या विषयात शिरलो.

शिकार म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात आणि ते योग्यच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाण आपल्याकडे प्राणी मोजण्यापुरतं उरलं. मिशिगनची गोष्ट वेगळी आहे. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी आहेत की गाड्यांशी त्यांच्या टकरी वर्षाला 50,000 च्या वर जातात. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात केलेली शिकार हा तिथल्या वनव्यवस्थापनाचाच भाग आहे. धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. बाणाने अचूक नेम धरायचा तर हरीण वीस-तीस यार्डांच्या आत यावं लागतं. म्हणून शिकारी झाडावर, वीस फुटांच्या आसपास जाऊन बसतो.

पूर्वी त्यासाठी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं आसन पाठीवर वाहून न्यायचे. सॅडल म्हणजे त्या आसनाला पर्याय: मांड्या आणि कंबर पेलणारी रुंद पट्ट्याची झोळी. तिच्या दोन बाजूंच्या कड्यांना जोडणारा एक आखूड दोर असतो, त्याला ब्रिज म्हणतात. डोक्याच्या थोडं वर खोडाला दुसरा दोर बांधतात, तो टेदर. टेदरवर प्रुसिक, प्रुसिकमध्ये कॅराबिनर आणि कॅराबिनरमध्ये ब्रिज. पायाखाली वीतभर रुंदीचा प्लॅटफॉर्म. शिकारी खोडाकडे तोंड करून मागे रेलतो किंवा गुडघे खोडाला टेकवून बसतो. हरीण ज्या बाजूने येईल तिच्या उलट बाजूला सरकलं की खोडाचाच आडोसा मिळतो.

ही पद्धत नवी नाही. मिशिगनचाच जॉन एबरहार्ट 1981 पासून अशा झोळीतूनच शिकार करतो. त्याची पहिली झोळी 'अँडरसन ट्री स्लिंग' नावाची होती. मुलाबरोबर लिहिलेल्या पुस्तकांतून त्याने सतत मांडलं की जिथे शिकाऱ्यांची गर्दी आहे तिथे एका झाडाला खिळून राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कित्येक वर्षं त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गेल्या दशकाच्या शेवटाकडे छोट्या कंपन्या उतरल्या आणि एकाएकी सगळ्यांनाच सॅडल हवी झाली.

सॅडलबरोबर वजनाचं वेडही आलं. जुनं आसन पाच-सात किलोंचं असायचं. आता झोळी किलोच्या आतबाहेर, प्लॅटफॉर्म किलो-दीड किलोचा, शिवाय खोडाला आवळायच्या तीन-चार शिड्या, ज्यांना तिकडे स्टिक म्हणतात. हौशी मंडळी स्टिकचे पट्टे काढून तिथे डायनीमाची दोरी लावतात. टायटॅनियमची स्टिक घेतात. काहीजण एकच स्टिक वर-वर सरकवत चढतात आणि दोरावरून रॅपल करत उतरतात. औंसाऔंसाचा हिशोब चालतो. भाच्याच्या खरेदीच्या यादीत झोळीचा रंगसुद्धा ठरला होता. दोर मात्र शेवटच्या ओळीत होता, तोही 'जो स्वस्त आणि हलका मिळेल तो'.

माझ्या मते ही यादी उलटी करायला हवी, आणि का ते सांगायला त्या गाठीच्या माणसाकडे जावं लागेल.

कार्ल प्रुसिक 1896 साली जन्मला आणि 1961 मध्ये वारला. ऑस्ट्रियातला गिर्यारोहक, पण शिक्षणाने संगीताचा अभ्यासक. 1923 मध्ये त्याने व्हिएन्ना विद्यापीठात प्रबंध दिला तो सिल्वियस लेओपोल्ड वाइस या ल्यूटवादकाच्या रचनांवर. हा वाइस ड्रेस्डेनच्या दरबारातला, बाखचा समकालीन. दोघेही 1750 मध्येच गेले. गाठीच्या पुस्तकांत प्रुसिकला चार ओळी मिळतात आणि ल्यूटच्या संदर्भसूचींत एक. दोन्हींतला माणूस एकच, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना त्याला ही गाठ सुचली असं सांगतात. तारेला पीळ कुठे बसतो, ताण आला की वेढा कसा आवळतो, हे ज्याच्या बोटांना रोज कळत होतं त्यालाच हे सुचावं, हे मला पटतं.

1931 मध्ये ऑस्ट्रियन गिर्यारोहकांच्या नियतकालिकात त्याने ही नवी गाठ आणि तिचा उपयोग मांडला. त्याच्या डोळ्यांपुढे हिमनदीच्या भेगेत पडलेला माणूस होता. दोराला लोंबकळणाऱ्याने फास बांधायचे, एकावर भार द्यायचा, दुसरा वर सरकवायचा आणि स्वतःच्या बळावर बाहेर यायचं. 1948 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका सुळक्यावर फ्रेड बेकी आणि आर्ट होल्बेन पहिल्यांदा पोहोचले तेही या गाठीच्या आधारे. त्या सुळक्याचं नावच आज प्रुसिक पीक आहे.

सगळ्याच गाठींच्या नशिबी असा न्याय नव्हता. झाडं छाटणारे अमेरिकन कामगार ज्या गाठीवर रोज जीव टांगतात, तिला ब्लेक्स हिच म्हणतात. दोराच्याच टोकाचे चार वेढे घालायचे आणि टोक खालच्या दोन वेढ्यांखालून काढायचं. वेगळा फास लागत नाही. जेसन ब्लेकने 1994 मध्ये 'आर्बर एज' मासिकाला पत्र लिहून ती सांगितली. तीच गाठ ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्काने 1981 मध्ये वाटाड्यांच्या नियतकालिकात आणि 1990 मध्ये 'नायलॉन हायवे' या गुहावाल्यांच्या पत्रिकेत छापली होती. ब्लेकला ती स्वतंत्रपणे सुचली, त्याने कुणाचं काही चोरलं नाही. तरीही गुहावाल्यांचं झाडवाले वाचत नाहीत म्हणून आधी छापणाऱ्याचं नाव मागे पडावं, हे मला खटकतं. मी तिला प्रोहास्काची गाठ म्हणतो.

आता भाच्याचा प्रश्न. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक आणि मऊ हवी. दोन्ही एकाच जाडीचे असले तर वेढे दोराला वाकवत नाहीत आणि गाठ घसरते. दोर जितका बारीक तितका योग्य जोडीदार मिळणं कठीण. अकरा मिलिमीटरच्या दोरावर बरंच काही चालून जातं, आठच्या दोरावर नाही. तिथे बनवणाऱ्याने त्या दोरासाठी नेमून दिलेलीच दोरी घ्यावी. डायनीमा ब्रिजला उत्तम, पण ती गुळगुळीत असते आणि दीडशे अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते. घर्षणावर चालणाऱ्या गाठीला ती नको. टेदरचे दोर बहुधा न ताणणारे असतात. टेदर कायम ताठ ठेवला तर त्यात धोका नाही. तो दोन-तीन फूट सैल सोडून पाय निसटला, तर सगळा हिसका कंबर आणि पाठ घेते. चढतानाही खोडाभोवतीचा लाइनमन दोर सोडायचा नाही आणि वर पोहोचल्यावर टेदर लावून, त्यावर वजन टाकून पाहिल्याशिवाय तो काढायचा नाही. अमेरिकेत झाडावरून पडणं हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं मोठं कारण आहे, आणि त्यातलं बरंचसं चढता-उतरताना घडतं.

प्लॅटफॉर्म निसटला तर माणूस झोळीत लोंबकळत राहतो. हालचाल न करता बराच वेळ तसं लटकलं तर रक्त पायांत साचतं आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून खिशात एक जादा फास हवा. तो टेदरवर प्रुसिकने बांधायचा, त्यात पाय घालून उभं राहायचं, टेदरवरची गाठ मोकळी करायची. 1931 मध्ये प्रुसिकने भेगेत पडलेल्यासाठी जे सांगितलं ते हेच. तो फास शंभर ग्रॅमचाही नसतो आणि हौशी लोक वजन वाचवायला पहिल्यांदा तोच काढतात.

भाच्याला मी सांगितलं, स्टिक मित्राच्या जुन्या घे, प्लॅटफॉर्म साधा अ‍ॅल्युमिनियमचा घे, झोळी मात्र दुकानात टांगून बसून बघ, कारण मांडीला रुतणारी झोळी हलकी असली तरी तासाभरात नकोशी होते. वाचलेले पैसे दोरात घाल. पहिला महिना जमिनीपासून गुडघाभर उंचीवरच बसायचं. गाठ हातमोजे घालून बांधायची, अंधारात बांधायची, ओल्या दोरावर बांधायची. वजन पडून आवळलेली गाठ एका हाताने सोडवता येईपर्यंत शिडीला हात लावायचा नाही. ती सोडवायची युक्ती सोपी आहे: वेढ्यांवरून आडवी जाणारी दोरी अंगठ्याने मागे ढकलायची, वेढे आपोआप ढिले पडतात.