मशीनचा तास विकताना

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. रविवारी सगळं पुणं घरी असताना आमची मशीनं चालू असतात, आणि गुरुवारी इथल्या रस्त्यांवर चहा मिळायचीसुद्धा मारामार. आठवड्यातलं माझं सगळ्यात महत्त्वाचं काम मी याच दिवशी उरकते. फोन शांत असतो, कॉम्प्रेसरचा आवाज नसतो, आणि आठवडाभराची जॉबकार्डं टेबलावर पसरायला जागा असते. कोणतं काम कोणत्या मशीनवर किती तास चाललं आणि त्या तासाला किती पैसे पडले, एवढंच बघायचं.

कारखाना छोटाच आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगचं संगणकीय मशीन), सासऱ्यांच्या वेळची एक साधी लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तपासणीची काचेची खोली. गिऱ्हाईक कास्टिंग किंवा फोर्जिंग पाठवतं, आम्ही ते ड्रॉइंगप्रमाणे टर्निंग, मिलिंग, टॅपिंग करून परत देतो. माल त्यांचा, मजुरी आमची. याला जॉबवर्क म्हणतात. नवरा मशीनवर, मी दराच्या आणि वसुलीच्या टेबलावर. मी बी.कॉम., मायक्रॉन म्हणजे काय ते लग्नानंतर शिकले. पण हिशोबाच्या बाजूने आल्यामुळे एक गोष्ट मला इंजिनिअर मंडळींच्या आधी दिसली असं मी घरात नेहमी ऐकवते: आम्ही विकतो तो मशीनचा तास. नगाचा दर हा त्या तासाचाच भाव, वेगळ्या कागदावर लिहिलेला.

आकड्यात सांगते. समजा एका जॉबला 40 रुपये मजुरी मिळते आणि प्रोग्रॅम सहा मिनिटांत संपतो. म्हणजे तासाला दहा नग, 400 रुपये. कोटेशन देताना बहुतेक जण इथेच थांबतात. पण प्रोग्रॅम संपल्यावर ऑपरेटर दार उघडतो, जॉब काढतो, फिक्स्चरवर हवा मारतो, नवा जॉब बसवतो, क्लॅम्प आवळतो. एक मिनिट गेलं. सहाची सात मिनिटं झाली, आणि तासाचे 400 रुपये 343 वर आले. त्या मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार, वीज, भाडं आणि इन्सर्ट धरून तासाचा खर्च 350 असेल, तर महिनाभर मशीन धडधडत राहील, जागा मालाने भरून जाईल, आणि आपण पदरचे पैसे घालून गिऱ्हाइकाची सेवा करत राहू.

आता दुसरा जॉब घ्या. मजुरी 150 रुपये, लोडिंगसकट बारा मिनिटं. तासाला 750 रुपये! ऐकूनच हात पुढे जातो. पण ऑर्डर वीस नगांची आहे आणि सेटिंगला तीन तास लागतात: फिक्स्चर बदलायचं, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे, पहिला नग तपासून पास करायचा. वीस नगांचे चार तास अधिक सेटिंगचे तीन, असे सात तास. हातात आले 3,000. तासाला 430 सुद्धा नाहीत. तीच ऑर्डर शंभर नगांची असती तर तेवीस तासांत 15,000, म्हणजे तासाला 650 च्या वर. जॉब तोच, मशीन तेच, दर तोच. म्हणून आमच्या कोटेशनवर सेटिंग चार्ज वेगळ्या ओळीत असतो. शंभर नग एकदम द्या, मी तो माफ करते. वीस द्यायचे असतील तर तो भरा. गिऱ्हाइकाला राग येत नाही, कारण त्याला समजतं की पैसे कशाचे घेतोय.

आणि रिजेक्शन. जॉबवर्कमधला हा सगळ्यात फसवा भाग. मजुरी 40 रुपये, पण ज्या कास्टिंगवर काम करतोय ते 300 रुपयांचं. बोअर पाच शतांश मिलिमीटरने मोठा झाला, नग गेला. गिऱ्हाईक कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट पाठवतं. म्हणजे एक नग बिघडला की साडेसात चांगल्या नगांची पूर्ण मजुरी गेली, त्या बिघडलेल्या नगावर घालवलेला वेळ वेगळाच. तीनशेच्या कास्टिंगला आणि तीन हजारांच्या कास्टिंगला मिनिटं सारखी लागली तरी मजुरी सारखी असून चालत नाही. ही साधी गोष्ट खरेदी विभागाच्या गळी उतरवायला मात्र जन्म जातो.

खरेदी विभागाचं एक ठरलेलं वाक्य आहे. फोनवर आधी मुलांची चौकशी, मग: "मॅडम, रेट जरा बसवून द्या, क्वांटिटी वाढवतो." तासाला तोटा देणारं काम दुप्पट केलं की तोटा दुप्पट होतो, हे शाळेतलं गणित आहे. तरी त्या वाक्याला भुलणारे पुष्कळ, कारण उलाढाल वाढते, आणि उलाढाल लग्नाकार्यात सांगायला बरी वाटते. मी उलट विचारते, "क्वांटिटी कोणत्या मशीनची वाढवताय?" लेथची असेल तर बोलू. व्हीएमसीची असेल तर दर कमी होणार नाही.

याचं कारण आमच्या शेडच्या रचनेत आहे. सीएनसी लेथ दोन आहेत, व्हीएमसी एक. जवळजवळ प्रत्येक जॉब शेवटी तिच्यापाशी येऊन थांबतो. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने 1984 मध्ये 'द गोल' ही कादंबरी लिहिली, चक्क एका अडचणीत आलेल्या कारखान्याची गोष्ट. तिचा गाभा असा की कारखान्याचं उत्पन्न त्यातली सगळ्यात अडलेली जागा ठरवते. तिथला एक तास वाया गेला तर पूर्ण कारखान्याचा तास जातो, आणि इतर ठिकाणी वाचवलेला तास फक्त अर्धवट मालाचा ढीग वाढवतो. व्यवस्थापनावरची बरीच पुस्तकं मला जाड आणि पोकळ वाटतात. हे एक मात्र शेडमध्ये उभं राहून वाचावं असं आहे.

त्यातून आम्ही केलेले बदल अगदी साधे होते. जेवणाच्या सुट्टीत व्हीएमसी बंद ठेवायची नाही, ऑपरेटरांनी आळीपाळीने जेवायचं. पुढच्या जॉबचं फिक्स्चर आणि टूल ती चालू असतानाच बाहेर तयार ठेवायचे. साधी छिद्रं, जी सवयीने तिच्यावर मारली जात होती, ती ड्रिलिंग मशीनवर न्यायची. आमचे सुपरवायझर काका पहिल्यांदा कुरकुरले, "वहिनी, एकाच सेटिंगला होतंय की सगळं." होत होतं खरं. पण महागड्या तासात स्वस्त काम होत होतं. नवं मशीन न घेता व्हीएमसीवर रोजचा मोकळा वेळ निघाला, आणि तो आम्ही चांगल्या दराने विकला. कर्ज काढून दुसरी व्हीएमसी घ्या असा सल्ला देणारे तेव्हा बरेच होते. मशीन विकणारे तर होतेच.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र मी भित्री आहे, आणि तशीच राहणार आहे. कोणत्याही एका गिऱ्हाइकाचं काम आमच्या एकूण कामाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा घरचा नियम आहे. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, मोठमोठ्या कंपन्यांनी अधूनमधून उत्पादन थांबवलं. मग 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नवे नियम लागू व्हायचे होते, आणि त्याच्या आठवडाभर आधीच लॉकडाऊन लागला. आमच्या ओळीतल्या एका शेडमध्ये सगळी मशीनं एकाच कंपनीच्या एकाच जॉबवर लावलेली होती. माणूस कामाला वाघ, क्वालिटी आमच्यापेक्षा सरस. तो जॉब थांबला तेव्हा त्याच्याकडे दुसरं दारच नव्हतं. आता विजेवरच्या दुचाकींमुळे तोच प्रश्न सावकाश येतोय. त्यांना सिलिंडर हेड नाही, पिस्टन नाही, कॅमशाफ्ट नाही. पण मोटरची बॉडी लागते, ब्रेकचे भाग लागतात, बेअरिंगची घरं लागतात. म्हणून आमच्याकडे आज गाड्यांचं काम आहे, पंपांचं आहे, आणि पॅकिंग मशीन बनवणाऱ्यांचं सुट्या नगांचं आहे. हे शेवटचं काम कटकटीचं, पण सेटिंग चार्ज देणारं.

उद्योजकतेच्या भाषणांत लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट हमखास येते: लोखंडाने जमिनीत विष उतरेल म्हणून शेतकरी तो घेईनात, तरी ते डगमगले नाहीत. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण 1910 मध्ये कुंडलच्या माळावर जाण्याआधीही बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि नांगराच्या जोडीला ते कडबा कापायची यंत्रं बनवत. भाषणात कडब्याला टाळ्या पडत नाहीत. मला मात्र चिकाटीइतकंच हे दुसरं, रोजचे पैसे देणारं उत्पादन महत्त्वाचं वाटतं. ज्याचा पगाराचा दिवस ठरलेला आहे, त्याने नुसत्या चिकाटीवर राहू नये.

आणि पगाराचा दिवस आला की खरा विषय येतो, वसुली. नफ्यात चाललेला कारखाना बंद पडू शकतो हे नोकरदार माणसाला सांगून पटत नाही. बघा: मी एक लाखाचं बिल केलं, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,18,000. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं. पण दरमहा रिटर्न भरणाऱ्याला तो 18,000 चा कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. माल विकत घेणाऱ्याला खरेदीवरच्या कराची वजावट तरी भरपूर मिळते. जॉबवर्कमध्ये मालच आपला नसतो, त्यामुळे वजावटही थोडी. म्हणजे पगार, वीजबिल आणि सरकारचा कर हे सगळं मी खिशातून घालते आणि मोठी कंपनी माझे पैसे तीन महिने बिनव्याजी वापरते. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये दोन दर असतात. तीस दिवसांत पैसे देणाऱ्याला एक, त्याहून उशिरा देणाऱ्याला दुसरा. पहिला दर स्वस्त आहे, आणि तो ज्याने निवडला त्याचा जॉब आधी लागतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, आणि कितीही झालं तरी 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जायला छोटा माणूस घाबरतो, कारण पुढची ऑर्डर जाते, आणि ती भीती खोटी नाही. पण 2023 च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकरात जी तरतूद आणली, तिच्यासाठी भांडावं लागत नाही. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर 2023-24 पासून खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च महिन्यात पहिल्यांदाच मला समोरून फोन येऊ लागले, "मॅडम, तुमचा उद्यम नंबर पाठवा, पेमेंट काढायचंय." त्यांच्या सीएने त्यांना दम दिलेला असतो. शिवाय 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता ट्रेड्सच्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. त्या कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि मुदतीआधी पैसे आपल्या खात्यात येतात.

यातलं काहीही मिळायचं तर उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, हवी. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतं, आणि शुल्क शून्य आहे. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. नोंदणी करा आणि तो क्रमांक बिलावर ठळक छापून घ्या.