पिंग जातंय, पान उघडत नाही

मरोळ एमआयडीसीतला गाळा असो, बोरिवलीतलं सीएचं ऑफिस असो किंवा मुलुंडमधली पॅथॉलॉजी लॅब असो. फायरवॉल जर सर्व्हरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून चालत असेल, तर ती सांभाळणाऱ्या माणसाला येणारा फोन बरेचदा एकाच वाक्याने सुरू होतो. "सर, पिंग जातंय, पण साइट उघडत नाही." ऑफिसातल्यांच्या लेखी याचा अर्थ नेट बंद, एवढाच. ज्याला हे काम येतं, त्याला या वाक्यात निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

उपनगरांतल्या इंटरनेटबद्दल लिहिलं जातं ते वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींबद्दल, नाहीतर चांदिवलीच्या डेटा सेंटर्सबद्दल. दहा-वीस माणसांच्या ऑफिसचं नेटवर्क ज्या छोट्याशा प्रणालीवर उभं असतं ती प्रणाली, आणि ती बिघडली की रात्री लोकल पकडून येणारी माणसं, यांची नोंद कुणी घेत नाही. त्यांचं काम कसबाचं आहे, हे मला मनापासून वाटतं.

पूर्वी फायरवॉल म्हणजे एक डबा. अहमदाबादच्या सायबरोमचे डबे छोट्या ऑफिसांना ओळखीचे होते. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने ती कंपनी विकत घेतली. डबा घेतला की दरवर्षीचं लायसन्सही आलंच. उलट ऑफिसात एक बरा सर्व्हर आधीपासून असतो, त्यावर टॅली आणि सगळ्या फायली असतात. त्याच सर्व्हरवर व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स किंवा ईएसएक्सआय टाकायचं आणि एका व्हीएममध्ये पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स ही फायरवॉल बसवायची. वेगळा डबा नाही, वार्षिक लायसन्स नाही.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स यांचं मूळ एकच. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कॅस्परने २००३ मध्ये मोनोवॉल नावाची चिमुकली फायरवॉल प्रसिद्ध केली. फ्रीबीएसडीचा पाया, वर पीएचपीतली पानं आणि सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये. २००४ मध्ये ख्रिस ब्यूखलर आणि स्कॉट उलरिच यांनी तिच्यातून पीएफसेन्स फोडून काढलं; त्याची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्समधून नेदरलँड्सच्या डेसिसो कंपनीने ओपीएनसेन्स काढलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅस्परने मोनोवॉल बंद केलं. पॅकेट आत घ्यायचं की अडवायचं हे ठरवणारा गाभा, म्हणजे पीएफ, त्याहून जुना आहे. २००१ मध्ये लायसन्सच्या वादामुळे ओपनबीएसडीने जुनं फिल्टर काढून टाकलं, तेव्हा डॅनियल हार्टमायरने त्या जागी तो लिहिला. इतकी वर्षं घासलेला हा गाभा सहसा दगा देत नाही. व्हीएममध्ये घोटाळा होतो तो बहुतेक वेळा सांध्यावर, म्हणजे फायरवॉल ज्याला नेटवर्क कार्ड समजते ते जिथे प्रत्यक्षात निव्वळ सॉफ्टवेअर असतं तिथे.

पिंग जाण्याचं आणि पान न उघडण्याचं कोडं त्याच सांध्यावरचं आहे. प्रत्येक टीसीपी पॅकेटवर चेकसम नावाचा एक आकडा असतो. मजकूर वाटेत बिघडला नाही ना, हे घेणारा त्यावरून ताडतो. तो आकडा काढण्याचं काम प्रोसेसरने करण्याऐवजी नेटवर्क कार्डावर सोपवता येतं. याला ऑफलोड म्हणतात आणि खऱ्या कार्डावर ते उत्तम चालतं. केव्हीएमवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सवर, व्हर्टआयओ नावाचं आभासी कार्ड वापरतात. शेजारची व्हीएम चेकसम अर्धाच ठेवून पॅकेट पुढे देते, पुढचं कार्ड तो पुरा करील या भरवशावर. पण दोन्ही व्हीएम एकाच सर्व्हरमध्ये असतील, तर पॅकेट खऱ्या तारेवर जातच नाही. शिक्का पोस्टात मारतील म्हणून कोरं पाकीट पेटीत टाकावं आणि ती पेटी थेट शेजाऱ्याच्या घरात उघडावी, तसा हा प्रकार. फायरवॉलला चेकसम चुकीचा दिसतो, पॅकेट निकामी ठरतं आणि लॉगमध्ये त्याची धड नोंदही होत नाही. पिंगचा चेकसम मात्र कार्डावर सोपवलेला नसतो, पाठवणारी प्रणालीच तो पुरा करते. म्हणून पिंग सुखरूप पोचतं आणि रूल बरोबर आहेत, लाइन बरोबर आहे, असं सगळ्यांना वाटत राहतं.

उपाय एका खुणेचा आहे. पीएफसेन्सच्या सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, नेटवर्किंग या पानावर हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करण्याची चौकट आहे; तिच्यावर खूण करायची आणि फायरवॉल रीबूट करायची. ही चौकट माहीत नसलेला माणूस रात्रभर रूल पुसत आणि लिहीत बसतो. इथे आणखी एक फसगत होते. पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावून पाठवणाऱ्या यंत्रावरच पॅकेट पाहिलं, तर ऑफलोड चालू असताना चेकसम चुकीचाच दिसतो, कारण तो अजून भरलेलाच नसतो. तो दोष नव्हे. पाहायचं ते घेणाऱ्याच्या बाजूला.

हे काम ज्यांच्या हातात बसलंय ते अंदाजाने काही बदलत नाहीत. ते पॅकेटच्या मागे जातात. लॅपटॉपवरून निघालं का? फायरवॉलच्या आतल्या, म्हणजे लॅन बाजूला दिसलं का? इंटरनेटकडच्या, म्हणजे वॅन बाजूने बाहेर पडलं का? नसेल, तर होस्टच्या, म्हणजे खुद्द सर्व्हरच्या, ब्रिजवर काय दिसतं? ज्या टप्प्यावर ते दिसेनासं होतं, त्याच्या अलीकडचं सगळं निर्दोष धरायचं आणि त्या टप्प्यावरच शोधायचं.

आपल्याकडच्या लाइनी या शोधात स्वतःच्या खोड्या घालतात. लाइनवाल्याच्या राउटरचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो आणि पीएफसेन्सच्या लॅनचा मुळातला पत्ताही तोच. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क आलं की फायरवॉलला कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते कळत नाही. लॅनचा पत्ता बदलणं हे पहिलं काम. काही केबलवाले कनेक्शन नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला बांधून देतात. नवीन व्हीएम म्हणजे नवीन मॅक, म्हणजे नेट नाही. मग कुणी फायरवॉलच्या आत जाऊन जुना मॅक लिहितो, तर होस्टचा आभासी स्विच म्हणतो की या कार्डाचा मॅक मी वेगळा दिलाय, आणि फ्रेम टाकून देतो. ईएसएक्सआयवर फोर्ज्ड ट्रान्समिट्स आणि हायपर-व्हीवर मॅक स्पूफिंग या नावांच्या परवानग्या त्यासाठीच आहेत. त्यापेक्षा व्हीएमच्या सेटिंगमध्येच तो मॅक द्यावा, हे मला जास्त सरळ वाटतं. लाइन पीपीपीओईची असेल तर प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट त्यातच जातात, १५००चे १४९२ उरतात. हे जुळवलं नाही तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, व्हीपीएन जोडलं जातं पण फाइल सरकत नाही.

ऑफिसातला कॅमेरा घरून दिसत नाही, ही तक्रार मात्र बरेचदा फायरवॉलची नसतेच. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर लाइनवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठी राखून ठेवला गेला. वॅनवर टीसीपीडंप लावा. कॅमेऱ्यासाठी बाहेरून एकही पॅकेट येत नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे रूल कितीही सुधारले तरी उपयोग नाही, स्टॅटिक आयपीसाठी पैसे मोजावे लागतात. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावं.

वीज हा वेगळा अध्याय. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवसानंतर सर्व्हर परत उठतो तेव्हा व्हीएम कोणत्या क्रमाने उठतात, यावर सगळं ठरतं. ऑफिसचं डीएचसीपी आणि डीएनएस फायरवॉलकडे असेल तर ती आधी उठायला हवी. आणि होस्टपर्यंत बाहेरून जाण्याची एकमेव वाट त्या फायरवॉलमधूनच जात असेल, तर ती न उठल्यास घाटकोपरहून अंधेरीला प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नाही. होस्टला लॅनवर कायमचा पत्ता द्यावा आणि तो कागदावर लिहून सर्व्हरला चिकटवावा. साधी गोष्ट आहे, पण फार थोड्या ठिकाणी केलेली दिसते.

व्हीएमचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे स्नॅपशॉट. अपग्रेड फसलं तर मिनिटभरात कालची फायरवॉल परत मिळते. पण तिच्याबरोबर कालचे लॉगही परत येतात, आजचे जातात. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. स्नॅपशॉटवर जगणाऱ्या फायरवॉलचे लॉग म्हणून वेगळ्या यंत्रावर पाठवायलाच हवेत. थांबवून पुन्हा चालू केलेल्या व्हीएमचं घड्याळ मागे राहू शकतं, तेही तपासावं.

अंधेरीचं सरदार पटेल, विद्याविहारचं सोमय्या, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस, या कॉलेजांतल्या मुलांना हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर शिकता येतं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. एका व्हीएममध्ये फायरवॉल, दुसऱ्या व्हीएममध्ये लिनक्स, मध्ये एक अंतर्गत नेटवर्क. पहिल्याच संध्याकाळी बहुतेकांना एक धक्का बसतो: फक्त वॅन असताना उघडणारं सेटिंगचं पान, लॅन जोडताच वॅनकडून बंद होतं. तेही रीतसर आहे, कारण लॅन आली की आत येण्याची हमी तिच्याकडे जाते. कन्सोलवर पीएफसीटीएल या आज्ञेला उणे डी देऊन फिल्टर तात्पुरतं थांबवता येतं; पुढचं सेटिंग जतन केलं की ते परत चालू होतं, तेव्हा आत शिरल्यावर आधी रूल लिहावा. मग मुद्दाम बिघाड करून पाहावेत: दोन्ही बाजूंना एकच पत्ता द्यावा, मॅक बदलावा, कार्डांची अदलाबदल करावी आणि प्रत्येक वेळी टीसीपीडंपमध्ये पॅकेट कुठवर येतं ते वहीत लिहावं.