हौद्याच्या बाजूने : पिकअपच्या ४० वर्षांचा मागोवा

फुलसावंगीत कुणी नवी पिकअप आणली की बघायला जमलेली माणसं आधी गाडीच्या मागे जातात. फाळका पाडून हौद्यात डोकावतात, लांबी पावलांनी मोजतात, वाकून पाटे किती आहेत ते बघतात. समोरच्या दिव्यांचा आणि जाळीचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, तोही पोरासोरांच्या तोंडी. जाहिरातीत हा क्रम बरोबर उलटा असतो. तिथे आधी तोंड दिसतं, मग आतला पडदा, मग आरामशीर सीट, आणि माल किती बसतो हे खाली बारीक अक्षरात. गेल्या ४० वर्षांत मालवाहू गाड्यांची रूपं अनेकदा बदलली. त्यातले कोणते बदल टिकले आणि कोणते विरून गेले, हे समजून घ्यायचं तर मागे जमलेल्या या माणसांचं ऐकायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातला हा भाग पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली की माहूर, म्हणजे नांदेड जिल्हा. जमीन बहुतेक काळी, पिकं कापूस, सोयाबीन, तूर आणि अलीकडे काही ठिकाणी हळद. वावरातून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण, आणि पावसाळ्यात त्या पांदणीचा होणारा चिखल सगळ्यांच्या ओळखीचा. इथला माल पूर्वी बंडीतून जायचा. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. रात्र रात्र बैलांसकट तिथेच मुक्काम पडायचा. ज्यांनी त्या रांगा पाहिल्या, त्यांना पिकअपचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मोटारीचा पहिला मोठा बदल १९८६ चा. त्या सुमारास जपानी कंपन्यांशी करार करून हलके ट्रक भारतात येत होते. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निसान. दिसायला देखण्या, नव्या तंत्राच्या गाड्या. त्यांच्यासमोर पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ४०७ उतरवली. तिचं रूप साधं होतं, पण आपल्याकडचे रस्ते आणि आपल्याकडची भरती गृहीत धरून ती केलेली होती. पुढच्या काही वर्षांत बाजार कुणाचा झाला, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजार समितीच्या आवारात दिसत होतं. खेड्यात मात्र ४०७ व्यापाऱ्याच्याच दारात उभी असायची. शेतकऱ्याच्या ऐपतीतली ती नव्हती.

१९८८ ची टाटामोबाइल ही खऱ्या अर्थाने पिकअप. मोटारीसारखं तोंड, मोटारीसारखी केबिन, मागे हौदा. शहरात तिचं कौतुक झालं. पण तिचा सांगाडा पुढे कामाला आला तो माणसांच्या गाड्यांसाठी. १९९१ ची सिएरा, त्यानंतरची इस्टेट आणि १९९४ ची सुमो त्यातूनच निघाल्या. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेतलेली ही सुमो खेड्यापाड्यात वऱ्हाडं घेऊन हिंडली. माल वाहायला राहिली ती त्याच घराण्यातली आडदांड २०७. देखणेपण एका वाटेने गेलं आणि कष्ट दुसऱ्या.

यानंतरचा बदल मात्र मुळापासूनचा. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली. गिरीश वाघ यांच्याकडे या गाडीची जबाबदारी होती. त्यांच्या चमूने कागदावर रेघ मारण्याआधी मालवाहू तीनचाकी चालवणाऱ्यांना गाठून त्यांना काय हवं ते विचारलं. एका तरुणाने सांगितलं, की चारचाकी असली तर गावात सोयरीक चांगली जमेल. हा किस्सा पुढे कंपनीच्या लोकांनीच अनेकदा सांगितला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. गाडी कशी असावी यावर इतकं खरं मत कुठल्याही प्रदर्शनात मिळणार नाही. त्या मुलाला इज्जत हवी होती, आणि ती चौथ्या चाकात होती.

गाडीची रचनाही त्याच काटकसरीतून आली. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा अर्धा भाग घ्यावा तसं दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन. ताकद १६ अश्वशक्तीची, माल पाऊण टन, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि कंपनीने ते नाव आनंदाने उचललं. दोन वर्षांच्या आत लाखभर गाड्या गेल्या, २०१७ पर्यंत २० लाख. किराणा, भाजी, दूध, खत, मंडपाचं सामान, गणपती, सगळं तिच्यातून गेलं.

तरी पांदणीपुढे हा हत्ती थांबतो. १२ इंचांची चाकं काळ्या चिखलात रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून आमच्या भागात कामं आपोआप वाटली गेली. डांबरी रस्त्यावरचं काम छोट्या हत्तीचं आणि वावराकडचं बोलेरो पिकअपचं. २००० साली बोलेरो आली आणि तिच्या तोंडवळ्याची पिकअप काही वर्षांतच विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांत घरची झाली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, उंच चाकं, मागे जाड पाटे आणि कुठल्याही फाट्यावरच्या मिस्त्रीला उघडता येईल असा कारभार. ताकदीच्या आकड्यांत ती कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण ओढीला पक्की.

इथे कापसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण हौद्याबद्दलची सगळी मतं तिच्यातून आली आहेत. कापूस फुगीर असतो. गाडीची वजनाची क्षमता संपायच्या कितीतरी आधी जागा संपते. सोयाबीनचं नेमकं उलट, पोत्यांच्या दोन-तीन थरांतच पाटे सपाट होतात आणि वरचा हौदा रिकामाच दिसतो. म्हणजे एकाच शेतकऱ्याला दिवाळीच्या आगेमागे एकाच गाडीकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. सोयाबीनला मजबुती आणि कापसाला माप. कारखान्यातून येणाऱ्या हौद्याचं फळकूट कंबरेएवढंही नसतं. मग गाडी थेट वेल्डिंगच्या दुकानात जाते. अँगलचा सांगाडा उभा राहतो, त्याला जाळी किंवा पत्रा लागतो, आणि हौदा डोक्याच्या वर जातो. भरताना दोन माणसं आत उतरून कापूस पायांनी तुडवत राहतात, खालून गाठोडी वर फेकली जातात, तुडवून तुडवून आणखी जागा केली जाते. शेवटी ताडपत्री आणि आडवेतिडवे दोर. पाऊस शिंतडला तर ताडपत्रीचा फाटका कोपराही महाग पडतो, कारण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि केंद्रावर मीटर टोचला की वाद चालत नाही.

या वेल्डिंगच्या दुकानांबद्दल मला आदर आहे. फुलसावंगीचं नाव २०२१ च्या ऑगस्टमध्ये देशभर गेलं ते अशाच दुकानात वाढलेल्या एका तरुणामुळे. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करता करता त्याने स्वतःचं हेलिकॉप्टर उभं केलं होतं, आणि चाचणी घेताना पंख्याचा घाव बसून तो गेला. त्याच्या हातात जे कौशल्य होतं ते या गावांत आजही आहे. त्याला शिकवणारं, तपासणारं, सुरक्षेचं भान देणारं जवळपास काही नाही. पिकअपच्या बाबतीतही हेच घडतं. हौदा वाढतो, एक-दोन पाटे जास्तीचे बसतात, पण ब्रेक कारखान्याचेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही, हे सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तरी तो होतो, कारण गरज खरी आहे.

कंपन्यांनी ही गरज ओळखली, पण उशिरा. बोलेरो पिकअपची अधिकृत क्षमता हळूहळू वाढत दीड टन, मग १.७ टन झाली आणि हौदा ९ फुटांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटाने योद्धा २.० आणली, क्षमता दोन टन. एप्रिल २०२३ मध्ये महिंद्राची नवी बोलेरो मॅक्स पिकअप मालिका आली, १.३ पासून २ टनांपर्यंत आणि हौदा १० फुटांपर्यंत. याच बदलात चालकाची सीट खालीवर करण्याची सोय आली आणि मोबाइलवर गाडीची माहिती देणारी यंत्रणाही. गावातली प्रतिक्रिया सरळ होती. लांब हौद्याचं स्वागत झालं, सीटचं कौतुक झालं, मोबाइलच्या यंत्रणेची फारशी कुणी चौकशी केली नाही. मला हा कौल रास्त वाटतो. वेल्डरने २० वर्षं जे लोखंडात लिहून दिलं होतं, ते अखेर कारखान्याने वाचलं.

एका बदलावर मात्र नाराजी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचं बीएस-६ मानक आलं. हवेसाठी ते गरजेचंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सेन्सर बिघडला की फाट्यावरचा मिस्त्री हात वर करतो, तपासणीचं यंत्र शहरात, आणि गाडी ऐन हंगामात उभी. हप्ता थांबत नाही. साध्या दुरुस्तीची सोय हीसुद्धा रचनेचाच भाग आहे, हे नव्या गाड्या काढणाऱ्यांनी विसरू नये.

जगात याच वस्तूवर वेगळेच वाद झाले. अमेरिकेत फोर्डने २०१० च्या मालिकेत रॅप्टर आणली, वाळवंटात उडवायची पिकअप. २०१७ ला तिचं रूप बदललं, आठ सिलिंडरचं इंजिन काढून सहाचं टर्बो बसवलं. ताकद ४५० अश्वशक्तीवर गेली, तरी जुना आवाज गेला म्हणून चाहते हळहळले. २०२१ ला मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आल्या. २०२३ ला आठ सिलिंडर परत आले, ७०० अश्वशक्ती घेऊन. एवढी ताकद असून रॅप्टर माल वाहते सुमारे ६०० किलोच्या घरात, म्हणजे १६ अश्वशक्तीच्या पहिल्या छोट्या हत्तीपेक्षा कमी. तिकडे पिकअप हौसेची आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण पाटे आणि कॉइल यांचा वाद आपल्याला जवळचा आहे. पाटे भरल्या गाडीला सांभाळतात आणि रिकाम्या गाडीला उडवतात. महागावला माल टाकून रिकाम्या हौद्याने खड्ड्यांतून परतणाऱ्या चालकाच्या कंबरेला हा फरक रोज कळतो.

आपल्याकडेही हौसेची पिकअप आता दाराशी आली आहे. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये जवळपास ३४ लाखांना आली. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली ग्लोबल पिकअप दाखवली आणि १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत व्हिजन एसएक्सटी, जिच्या हौद्यात दोन स्टेपन्याच ठेवल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये टाटाने एस प्रो आणली, सुरुवातीची किंमत ३.९९ लाख आणि माल तोच ७५० किलो. तरुण पोरं मोबाइलवर एसएक्सटी बघतात आणि हप्त्याचा हिशेब एस प्रोचा करतात.

आता ज्या गोष्टीकडे कुठल्याच नव्या रूपाने पाहिलं नाही, तिच्याकडे येतो. आपल्याकडे हौद्यात माणसं बसतात. कापूस वेचणीच्या बाया, देवाला निघालेली कुटुंबं, लग्नाची मंडळी. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात कोसळली आणि किमान १० जणींचा जीव गेला. कायदा हौद्यात माणूस बसवू देत नाही, आणि तो बरोबरच आहे. पण सकाळी सहाला वेचणीला जाणाऱ्या मजुरांसाठी दुसरं वाहन कुठलं, याचं उत्तर कायदा देत नाही आणि एसटीही देत नाही. दुहेरी केबिनच्या पिकअप मिळतात, पण हौदा आखूड आणि किंमत जास्त, म्हणून मालक त्या घेत नाहीत. परवडणारी दुहेरी केबिन हा माझ्या मते पुढचा सगळ्यात गरजेचा बदल आहे.

दुसरी गोष्ट चालकाची. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगला निर्णय. पण त्या वजनाच्या आतल्या गाड्या, म्हणजे सगळे छोटे हत्ती आणि बऱ्याचशा पिकअप, नियमाबाहेर राहिल्या. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. छोट्या हत्तीचं तर इंजिनच सीटखाली. मोठ्या ट्रकचा चालक माणूस आणि छोट्या गाडीचा नाही, असं तर सरकारला म्हणायचं नसेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा नियम साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांनाही लावावा, आणि सुरुवातीचा वाढीव खर्च हप्त्यावर जगणाऱ्या मालक-चालकाच्या माथी पडणार नाही अशी तजवीज करावी. आपल्या भागातल्या खासदार-आमदारांनी ही मागणी लेखी लावून धरावी, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी पिकअप आहे त्यांनी येत्या उन्हाळ्याआधी त्यांना तसं पत्र द्यावं.