सोडतीचे घर आणि सहकाराचे घर

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास घर मिळावे कसे? कळंबोलीचे उत्तर सोडतीचे आहे. सन २०१८ मध्ये सिडकोने कळंबोली, तळोजे, खारघर, घणसोली व द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांसाठी सोडत योजिली. सोडतीत पक्षपात नसतो हे खरे. परंतु शेजार कोणाचा लाभणार, हे कोणासच ठाऊक नसते.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी निराळा मार्ग धरिला. विडी घरी बसूनच वळावयाची. तेव्हा घर हाच त्यांचा कारखाना. श्री. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्या संघटित झाल्या आणि गोदूताई परुळेकर यांच्या नावाने त्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. घराच्या खर्चाचा भार केंद्र सरकार, राज्य सरकार व स्वतः कामगार स्त्री यांनी उचलला. सन २००६ मध्ये कुंभारी येथील १०,००० घरांची वसाहत कामगारांच्या स्वाधीन झाली.

येथे भिंतींच्या आधी शेजार उभा राहिला, हे या प्रयोगाचे मर्म होय. दुखण्याखुपण्यात धावून येणारे माणूस सोडतीत निघत नाही. ते जोडावे लागते. कळंबोलीच्या नव्या बिऱ्हाडांनीही सामान लावून होताच प्रथम शेजाऱ्याचे दार ठोठवावे, हे उत्तम.